सुलेखाकडे ठेवलेलं प्रस्थान

"बोट दिसली होऽऽ... पडावाकडं चला होऽऽ..."

हर्णैच्या किनाऱ्यावर मोरेश्वर खलाशी अशी आरोळी देत माडांमधल्या वाटेनं जायचा, तेव्हा जयंती सात-आठ वर्षांची असेल. मुंबईची बोट किनाऱ्याला लागत नसे. ती आपली खोल पाण्यात मानानं उभी राहायची आणि माणसांनी आधी पडावात बसून, लाटांवर हिंदकळत, तिच्यापाशी जायचं. म्हणून मोरेश्वराचा आवाज आला की घराघरांत धांदल उडे. कुणाची वेणी अर्धी राही, कुणाचा भात चुलीवर. आरोळी चुकली त्याची बोट चुकली. जयंतीची आई म्हणायची, "डोळे मीट हवे तर, पण कान उघडे ठेवून नीज."

आता जयंतीबाई पासष्टीच्या झाल्या, तरी ती आरोळी कानात जशीच्या तशी होती. कानात काय ती तेवढीच उरली होती. जिवंत माणसांचे आवाज गेल्या दोन वर्षांत ओहोटीच्या पाण्यासारखे मागे मागे गेले होते. आधी पाखरं गेली, मग दारावरची घंटी, मग कुकरची शिटी. मार्चमध्ये सर्दी अंगात घेऊन त्या पुण्याहून मुलाकडे कोबेला आल्या, आणि विमान उतरताना उजव्या कानात काहीतरी फाटलं. त्या बाजूचं जग बंदच झालं. डाव्या बाजूला, समोरच्याचे ओठ दिसले तर, चार शब्द सापडायचे. ओठ दिसले नाहीत तर नुसती कुजबुज, शेजारच्या घरात रेडिओ लावल्यासारखी.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जयंतीबाईंनी ते असं काही झाकलं होतं, की झाकणाऱ्या हातालाही पत्ता लागू नये. कानाच्या डॉक्टरनं काचेच्या खोलीत बसवून आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी काचेपलीकडच्या नर्सच्या मनगटावर नजर ठेवून बटणं दाबली. पडदा फाटलाय, सूज आहे, ऐकू थोडं कमी येईल, हळूहळू सुधारेल आणि तोवर विमान नको, एवढ्यावर सुटका झाली. घरात चार माणसं हसली की त्या पाचव्या हसायच्या. आणि स्वतः सारखं बोलत राहायच्या. बोलणाऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

"जपानला आल्यापासून आईला कंठ फुटलाय," मुलगा, श्रीहरी, कौतुकानं म्हणायचा.

सून, शिवानी, काही म्हणायची नाही. निदान जयंतीबाईंना दिसेल असं काही म्हणायची नाही.

एप्रिलात एका पहाटे कोबेसमोरच्या अवाजी बेटाच्या बाजूला जमीन हलली. हलण्याआधी भूकंपाचा इशारा देत घरातले फोन एकदम कोकलले. दोन वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपात हे कुटुंब तोक्योत होतं, फुनाबोरीला. तेव्हापासून शिवानी उशाशी बूट आणि टॉर्च ठेवून निजायची. तिनं लहानग्या लेकीला, नेत्राला उचललं, टेबलाखाली शिरली आणि सासूला तीनदा हाक मारली. जयंतीबाई जाग्या झाल्या त्या पलंग डोलू लागल्यावर, आणि डोळे उघडून तशाच पडून राहिल्या.

"रामरक्षा म्हणत होते," त्यांनी नंतर सांगितलं.

श्रीहरीनं ही गोष्ट लॅबमध्ये सगळ्यांना सांगितली. आमची आई म्हणजे वज्र. शिवानीनं मात्र त्या दिवशी चहाचा कप जरा जोरात ठेवला. कपाचा आवाज जयंतीबाईंना आला नाही, पण टेबलाचा हादरा तळहाताला कळला.

एवढं झाकायचं कारण एकच होतं, आणि ते पाण्यापलीकडे सोलमध्ये होतं. त्यांची लेक कश्मिरा तिथं नवऱ्याबरोबर राहायची. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, तिला दिवस गेले होते. शनिवारी सकाळी ऑपरेशन करून बाळ काढायचं ठरलं होतं. आईनं आदल्या रात्रीपर्यंत पोचायचं होतं. विमान नाही, तर श्रीहरीनं दुसरा रस्ता काढला. शुक्रवारी कोबेहून बुलेट ट्रेननं हाकाता, हाकाता बंदरातून बोटीनं पूसान, पूसानहून कोरियाच्या रेल्वेनं सोल. तिन्ही तिकिटं एकाच पाकिटात. हाकाता बंदरापर्यंत शिवानी सोबत जाणार, पूसानला जावई रणजित उभा राहणार. मधलं पाणी तेवढं जयंतीबाईंनी एकटीनं काढायचं.

कान गेलेत हे कळलं असतं, तर त्या पाण्यात त्यांना कुणी एकटं सोडलं नसतं.

"आई, ही बोट असली तरी परदेशाची बोट आहे," श्रीहरीनं गुरुवारी रात्री समोर बसवून, बोटं मोडून सांगितलं होतं. समोर बसला म्हणून बरं. "बोट दोनला सुटते. पण चेक-इनची खिडकी दीडला बंद. आपण धावत गेलो, हात जोडले, लेकीचं ऑपरेशन आहे म्हणालो, तरी इथला माणूस कमरेत वाकून माफी मागेल आणि नाहीच म्हणेल. त्या वाकण्यापुढे आपलं काही चालत नाही."

"तू काळजी करू नकोस. तुझे बाबा रात्रीच्या गाडीला दुपारी नेऊन बसवायचे मला."

"म्हणून तर काळजी नाही. तू वेळेआधीच पोचशील," श्रीहरी हसला.

पण शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ असतो. सोल पश्चिमेला. शुक्रवारी त्या दिशेला पाऊल टाकू नये, आणि टाकायचंच असेल तर त्यावर तोड आहे. आदल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. म्हणजे काय, तर प्रवासातली एखादी वस्तू, मूठभर तांदूळ, हळकुंड आणि सुपारी एका फडक्यात बांधायची आणि जायच्या दिशेला कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली की माणूस निघालाच असं धरतात. दुसऱ्या दिवशी जाताना गाठोडं उचलायचं. मग शूळ लागत नाही.

जयंतीबाईंच्या माहेरी प्रस्थानात पुरुषांचं उपरणं ठेवत, बायकांची चोळी. गुरुवारी दुपारी जयंतीबाईंनी बराच विचार केला. आताच्या प्रवासाचा जीव कशात? चोळीत तर नाही. तो पासपोर्टात. म्हणून त्यांनी तांदळाच्या मुठीवर पासपोर्ट ठेवला, पिवळ्या फडक्याला गाठ मारली आणि पश्चिमेला दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सुलेखाकडे नेऊन दिला. सुलेखा साताऱ्याची. तिचा नवरा विद्यापीठात शिकवायचा, आणि कोबेतल्या तमाम मराठी बायकांच्या अडचणी तिच्या स्वयंपाकघरात सुटायच्या.

"उद्या जाताना घेऊन जाईन हं."

"घ्या की. कुठं ठेवू? देवापाशी पोरांचे टॅब चार्ज होतायत. फ्रिजवर ठेवते, उंच आहे."

*

शुक्रवारी सकाळी टॅक्सी दारात आली. पांढरे हातमोजे घातलेल्या चालकानं बॅग डिकीत ठेवली. श्रीहरीच्या लॅबला बाहेरचे पाहुणे येणार होते, त्यानं दारातच आईच्या पाया पडून घेतलं. नेत्रा शाळेत जाताना आजीच्या पदराला हिसका देऊन गेली. ही पोर आजीला कधी हाक मारत नसे, नेहमी पदर ओढायची. तिला काही कळलं होतं की काय, कोण जाणे.

शिवानी पुढे चालकाशेजारी बसली, जयंतीबाई मागे.

"शिवानी, सुलेखाकडे क्षणभर थांबायचंय. प्रस्थान घ्यायचंय," त्या म्हणाल्या.

शिवानीचं डोकं हललं. ती काहीतरी बोलली, बरंच बोलली. मागून दिसला तो फक्त तिचा बांधलेला अंबाडा. जयंतीबाईंनी ते "हो" असं धरलं. दुसरं काय धरणार?

टॅक्सी सुलेखाची गल्ली टाकून पुढे निघाली तेव्हा त्यांनी वळून गल्लीकडे पाहिलं. पण लगेच वाटलं, दुसऱ्या बाजूनं वळसा घेत असेल. इथले रस्ते एकमार्गी. पुढच्या सिग्नलला वळेल. सिग्नल आला, गेला. मग वाटलं, सुलेखाच स्टेशनवर येणार असेल, तेच शिवानी सांगत असेल. पुन्हा विचारावं का? विचारलं तर शिवानी म्हणेल, आत्ताच तर सांगितलं. मग पुन्हा सांगेल. मग वळून, डोळ्यांत पाहून विचारेल, आई, ऐकू येत नाही का?

गेल्या दोन महिन्यांत प्रथमच त्या सबंध टॅक्सीभर गप्प बसल्या.

शिन-कोबेचं स्टेशन डोंगराच्या अंगाला टेकून उभं आहे. गाडी एका बोगद्यातून येते आणि दुसऱ्या बोगद्यात जाते, मधे श्वास घ्यायला थांबावी तशी इथे थांबते. फलाटावर शिवानीनं पाकीट उघडलं, तिकिटं पाहिली आणि हात पुढे केला. तिचे ओठ आता समोर होते.

"पासपोर्ट द्या. बंदरावर घाई होईल, माझ्यापाशीच ठेवते."

"सुलेखा येतेय ना?"

"सुलेखाताई? त्या कशाला येतील?"

"प्रस्थान घेऊन."

"आई, टॅक्सीत म्हटलं ना मी, तांदूळ-सुपारी राहू दे तिथंच, उद्या मी जाऊन आणेन. पासपोर्ट द्या."

जयंतीबाईंनी पर्सची चेन उघडली. उघडून तशीच धरून ठेवली. आत रुमाल होता, बडीशेपेची डबी होती, चष्म्याचं घर होतं.

"त्यातच आहे," त्या म्हणाल्या.

"कशात?"

"प्रस्थानात."

शिवानी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, निदान काही ऐकू आलं असतं. ती वळली, फोन कानाला लावून फलाटाच्या कडेला गेली, आणि तेवढ्यात जयंतीबाईंच्या तळपायांना गाडी कळली. बोगद्यातून वारा आला, पदर उडाला, पाठोपाठ गाडीचं लांब पांढरं नाक. दारं उघडली. त्यांच्या तिकिटावरचा डबा बरोबर त्यांच्या पुढ्यात उभा होता. माणसं शिस्तीत चढली. खिडकीशी दोन जागा रिकाम्या दिसत होत्या, त्यांच्या दोघींच्या. दारं मिटली, आणि त्या दोन रिकाम्या जागा बोगद्यात निघून गेल्या.

गाडी चुकणं म्हणजे काय हे जयंतीबाईंना ऐकून ठाऊक होतं. फलाटावर उभं राहून, पैशाचं तिकीट हातात धरून, आपली गाडी शांतपणे जाताना त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली.

सुलेखा आली ती घरातल्या कपड्यांवर, पायांत दोन वेगवेगळ्या चपला, आणि छातीशी पिवळं गाठोडं. शिडशिडीत बाई, पण जिना चढून धापा टाकत होती.

"जयंतीमावशी, रात्रभर झोपलंय हो तुमचं प्रस्थान माझ्या फ्रिजवर. सकाळी मी त्याला नमस्कारसुद्धा केला. आत भारत सरकार आहे ठाऊक असतं, तर साष्टांग घातला असता."

"तुला त्रास झाला गं."

"त्रास कसला. शिवानीचा फोन आला तेव्हा दात घासत होते, तो ब्रशपण पर्समध्ये आलाय बघा." मग शिवानीकडे वळून ती काहीतरी हळू बोलली. शिवानीनं मान खाली घातली. सुलेखानं तिच्या पाठीवर थोपटलं. काय बोलल्या दोघी? जयंतीबाईंनी गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. तांदळाचे दाणे फलाटावर सांडले तसे त्या खाली वाकून टिपू लागल्या. शिवानीही वाकली, टिपू लागली.

*

पुढच्या गाडीत त्यांना राखीव नसलेल्या डब्यात कशाबशा दोन जागा मिळाल्या. जयंतीबाईंना नेहमी माणूस डाव्या हाताला लागे. जेवायला, देवळात, सोफ्यावर, त्या बरोबर तशी जागा धरत. इथे निवडीला वाव नव्हता. त्या खिडकीशी, शिवानी उजव्या हाताला. बंद दाराच्या बाजूला.

शिवानी फोनवर वेळा पाहत होती. घड्याळ, नकाशा, पुन्हा घड्याळ. मग तिनं फोनवर आकडे लिहून सासूपुढे धरले. हाकाताला एकच्या आसपास. पुढे टॅक्सी. खिडकी दीडला बंद. जयंतीबाईंनी मान डोलावली. मनातल्या मनात त्या ते अंतर पुनःपुन्हा चालत होत्या. जिना, टॅक्सीची रांग, सिग्नल, बंदराचं दार. कुठंही एक माणूस आडवा आला, की संपलं. आणि उद्या सकाळी कश्मी ऑपरेशनच्या टेबलावर एकटी. आणि कशापायी, तर आईनं पासपोर्ट फडक्यात बांधला म्हणून.

लेकीच्या गं गावा जाते
आडवं पाणी किती,
पदराच्या गाठीमध्ये
बांधली मी भीती.

ओवी आपोआप आली. लहानपणी बायका कामात हात घातला की अशा ओव्या जुळवायच्या, त्यांच्यात बसून बसून ती खोड लागली होती. जयंतीबाईंनी ती ओठांतल्या ओठांत म्हटली आणि खिडकीकडे पाहिलं.

ओकायामा स्टेशनच्या पुढे बोगदे दाट होतात. बाहेर अंधार झाला की खिडकीचा आरसा होतो. त्या आरशात त्यांना शिवानी दिसली. ती समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत होती, आणि बोलत होती.

किती वेळ बोलत होती, देव जाणे. तिचे ओठ सावकाश हलत होते, मधेच थांबत होते. घाईतलं बोलणं असं नसतं. रागाचं तर मुळीच नसतं. हे खूप दिवस मनात घोळवलेलं बोलणं होतं. जयंतीबाईंनी मान वळवायच्या आधी उजेड आला, आरसा विझला, शेतं दिसली. पुन्हा बोगदा. शिवानीनं डोळे पुसले होते. आता ती सासूकडे पाहत होती, वाट पाहत होती. काहीतरी विचारलं होतं तिनं.

काय? "हो" म्हणावं? पण कशाला हो? "नाही" म्हणावं? दोन महिने त्यांनी अंदाजानं होकार-नकार दिले होते, भाजीला, चहाला, फिरायला. पण डोळे पुसलेल्या माणसाला अंदाजानं काय उत्तर द्यायचं? पुन्हा सांग म्हणावं, तर ज्याला बोलायला ओकायामापर्यंतचा धीर गोळा करावा लागला, ते पुन्हा कोण बोलेल?

भीती वाटली की त्या जे करायच्या तेच त्यांनी केलं. बोलायला लागल्या.

"आमच्याकडे हर्णैला की नाही, सुरमई यायची ती अशी हाताएवढी. बाबा माझे बाजारातून टोपलीच उचलून आणायचे. तुम्ही इथं सुपरमार्केटमधून आणता, ती प्लास्टिकमधली, तिला काय चव..."

सुरमई साफ झाली, तुकडे झाले, कोकमाचं आगळ लागलं. शिवानीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिनं बॅगेतून ओनिगिरीचं, भाताच्या मुटक्यांचं पाकीट काढलं, सासूच्या मांडीवर ठेवलं, आणि उरलेला रस्ता डोळे मिटून घेतले. ती झोपलेली नव्हती. तिच्या पापण्या हलत होत्या.

शेवटी गाडी समुद्राखालच्या बोगद्यात शिरली तेव्हा जयंतीबाईंना वाटलं, आपण दोघीही अशाच पाण्याखाली आहोत. काचेला काच लावून बसलोय, आणि एकमेकींना नुसत्या हलताना दिसतोय.

*

हाकाताच्या टॅक्सीवाल्यानं पिवळा दिवा म्हणजे थांबायचं असं मानलं आणि प्रत्येक पिवळ्या दिव्याला तो थांबला. शिवानी पुढे झुकून त्याला काही म्हणाली. तो अदबीनं मान झुकवून पुन्हा थांबला. जयंतीबाईंनी पासपोर्ट दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. रस्त्यावरच्या घड्याळांकडे त्यांनी पाहायचं नाही असं ठरवलं, आणि प्रत्येक घड्याळाकडे पाहिलं.

बंदराच्या दारातून त्या धावल्या. पासष्टीची बाई नऊवारीत नसली तरी साडीतच होती, निऱ्या एका हातात, पासपोर्ट दुसऱ्यात. खिडकीमागची मुलगी फलक हातात घेऊन उभीच होती, खिडकी बंद झाल्याचा. तिनं दोघींना पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाचा काटा दीडच्या अलीकडे केसभर होता. तिनं फलक खाली ठेवला आणि हात पुढे केला.

जयंतीबाईंनी पासपोर्ट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

शिक्के बसले. बोर्डिंग कार्ड आलं. मुलीनं त्यावर एका आकड्याभोवती गोल काढला आणि हसून पुष्कळ काही सांगितलं. शिवानी ऐकत होती, मान हलवत होती. मग तिनं सासूला हाताला धरून आतल्या दाराशी नेलं. त्या दारापुढे फक्त जाणारी माणसं. पोचवायला आलेल्यांनी इथंच थांबायचं.

इथं त्या दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. शिवानीचा चेहरा उजेडात होता.

"आत मोठी खोली आहे," ती म्हणाली. शब्द सुटे सुटे, शिक्षिकेसारखे. "फलक नाहीत फार. बोर्डिंगची वेळ झाली की लाउडस्पीकरवर गटाचा नंबर पुकारतात. आधी जपानी, मग इंग्लिश. तुमचा तिसरा गट. तिसरा पुकारला की उठायचं. मधे मधे काय काय सांगत राहतात, तिकडे लक्ष देऊ नका. कान तेवढा उघडा ठेवा."

जयंतीबाईंनी मान डोलावली.

"पूसानला रणजितदादा असतील. कश्मिराताईंचा मेसेज आलाय आत्ता." तिनं फोन पाहिला. "खूश आहेत त्या. म्हणतायत, आईच्या खोलीतच पाळणा लावलाय. दवाखान्यातून घरी आल्यावर आठवडाभर रात्री औषध घेऊन गाढ झोप लागणार, म्हणून बाळ रात्री तुमच्यापाशी. रणजितदादांची रात्रपाळी आहे. तुम्ही आहात म्हणून निर्धास्त झोपेन, असं लिहिलंय."

जयंतीबाईंनी पुन्हा मान डोलावली. मानेचं ते डोलणं मधेच थांबलं.

सकाळपासून त्या फक्त पोचायचं म्हणत होत्या. खिडकी, गाडी, बोट, दीड. पोचल्यावर काय, हा विचार त्यांनी मनाला शिवू दिला नव्हता. आता तो दारात उभा होता. अंधारी खोली. पाळणा. पाळण्यात अकरा वर्षांनी आलेलं एवढंसं पोर, तोंड उघडून रडतंय, लाल झालंय. पलीकडच्या खोलीत त्याची आई औषधानं झोपलीय, निर्धास्त. आणि पाळण्याशेजारी आजी, कुशीवर, शांत, डोळे मिटून.

"जा आता," शिवानी म्हणाली. "आत बसा. चपला बरोबर घेतल्यात ना, औषधं वरच्या कप्प्यात आहेत." मग ती थांबली. तिचा आवाज कसा झाला ते जयंतीबाईंना कळलं नाही, पण तिचे डोळे भरून आले ते दिसलं. "आई, गाडीत मी इतकं बोलले. फुनाबोरीला भूकंपानंतर मी रात्र रात्र जागी असायचे, ते श्रीहरीलाही सांगितलं नव्हतं. तुम्ही आल्यापासून घरात कुणी मोठं आहे असं वाटतं, झोप लागते. म्हणून म्हटलं, सोलहून परस्पर पुण्याला जाऊ नका, बाळाचं झालं की पुन्हा आमच्याकडे या. तर तुम्ही मला सुरमई सांगितलीत. पहिल्या दिवसापासून असंच. मी हाक मारते, तुम्ही वळत नाही. मी विचारते, तुम्ही दुसरंच बोलता. नको असेल तर नको म्हणा. मला राग येणार नाही. नुसतं म्हणा."

माणसं दोघींना वळसा घालून आत जात होती. दाराशी उभ्या असलेल्या माणसानं हातानं आदबशीर खूण केली, आत या, आत या. वर छतात लाउडस्पीकर होता. त्याची जाळी थरथरत असणार, त्यातून काहीतरी पुकारलं जात असणार, कारण बाकांवरची काही माणसं उठून उभी राहिली होती.

जयंतीबाईंनी आधी त्या उठलेल्या माणसांकडे पाहिलं आणि मग सुनेकडे. आता सांगितलं तर ही पोर हात धरून मागे ओढेल. श्रीहरीला फोन करेल, तो कश्मीला करेल, आणि बोट जाईल. नाही सांगितलं तर बोट मिळेल. आणि एका रात्री अंधारात पाळणा नुसता हलत राहील.

त्यांनी बॅग खाली ठेवली. शिवानीचे दोन्ही हात धरले.

"शिवानी," त्या म्हणाल्या. "तुला नको नाही म्हटलं गं मी. तू गाडीत काय बोललीस ते आत्ता कळलं मला, तुझे ओठ दिसले म्हणून. मला ऐकू येत नाही. उजव्या कानानं काहीच नाही, डाव्यानं असून नसल्यासारखं. त्या पहाटे तू हाका मारल्यास, त्याही नाही आल्या. हे पुकारतायत ते येत नाही. बाळ रडेल, तेही येणार नाही. कश्मीला आत्ता फोन लाव आणि सांग, रात्री बाळापाशी कान असलेलं कुणीतरी ठेव, मी दिवसा सांभाळते. मला जाऊ दे, मागे ओढू नकोस. फक्त बोटीवर कधी चढायचं, ते माझ्या हातावर लिहून दे."